उत्तर देणारा प्राध्यापक

तेरेखोल खाडीच्या काठी वसलेले आरोंदा असो की मुंबईचे एखादे उपनगर, दहावीच्या विज्ञानातील मानवी प्रजननाचा धडा आला की अनेक वर्गांत एकच प्रकार घडतो. शिक्षक खाकरतात, मुले माना खाली घालतात आणि धडा घरी वाचून येण्यास सांगितला जातो. या संकोचाशी ज्याने हयातभर झुंज दिली, तो पुरुष याच कोकणच्या मातीतला होता, याचे स्मरण आज करावेसे वाटते.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म 1882 साली दापोलीजवळच्या मुरूड गावी झाला. महर्षी कर्व्यांचे हे ज्येष्ठ पुत्र. मातोश्री राधाबाई 1891 मध्ये निवर्तल्या, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही याच वर्षी. लोकसंख्येच्या प्रश्नाची सरकारदरबारी दखलही नव्हती, त्या काळातील हे धाडस होय. या कार्यापायी 1925 मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाईंनी मात्र त्यांना अखेरपर्यंत साथ दिली.

जुलै 1927 मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. वाचकांच्या शंकांना उत्तरे देणे हा त्याचा प्राण होता. हस्तमैथुनाने शरीर खंगते, या समजापोटी असंख्य तरुण मनातल्या मनात झुरत असत आणि भोंदू वैद्यांचे धनी होत असत. कर्व्यांनी ही भीती निराधार असल्याचे शास्त्राच्या आधारे सांगितले. याची किंमत त्यांनी मोजली. 1931 साली अश्लीलतेच्या खटल्यात त्यांना दंड झाला. 1934 मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला उभा राहिला. या वेळी त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरीही दंड चुकला नाही. मासिक मात्र थांबले नाही. 14 ऑक्टोबर 1953 रोजी कर्वे निवर्तले आणि पुढच्याच महिन्यात ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक निघाला.

या चरित्राचा धडा कोणता? कर्व्यांना शिक्षा झाली ती शंका निर्माण केल्याबद्दल नव्हे. शंका मुलांच्या मनात आधीच होत्या. गुन्हा ठरला तो उत्तर देण्याचा. त्या घटनेला नऊ दशके लोटली, तरी ही वृत्ती सरलेली नाही. 2007 साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शालेय किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमास मनाई केली. 2014 मध्ये दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. परंतु वर्गातील मौन योजनेने सुटत नाही. पाळी येण्यापूर्वी तिची माहिती नसलेली मुलगी घाबरते. शरीराच्या अवयवांची नावे ज्ञात नसलेले मूल आपल्यावरील अत्याचार सांगू शकत नाही. 2012 चा बाललैंगिक अत्याचारविरोधी कायदा असूनही ही अडचण उरते.

ज्ञानाने मुले बिघडतात, हा आक्षेप कर्व्यांनीही ऐकला होता. वस्तुतः शाळेत न मिळालेले उत्तर मूल आता मोबाईलच्या पडद्यावर शोधते आणि तेथे शास्त्र क्वचितच भेटते. ज्या शिक्षकाने यंदा तो धडा न खाकरता शिकविला, त्याने या उपेक्षित प्राध्यापकाचे ऋण फेडले, असे आम्ही समजू.