ज्यांच्या माउथ ऑर्गननंतर ‘ग्रँड ओल ऑप्री’चं बारसं झालं, त्यांनाच पुढं बूटपॉलिश करावं लागलं

कंट्री म्युझिक म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? काउबॉय हॅट, हातात बँजो आणि गोरा गायक.

पण बँजो हे वाद्य मुळात गोऱ्यांचं नाहीच. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी ते घडवलं. आणि अमेरिकेतल्या सगळ्यात गाजलेल्या कंट्री शोला नाव मिळालं, त्या रात्री माइकसमोर होते एक कृष्णवर्णीय कलाकार. डिफर्ड बेली.

१४ डिसेंबर १८९९ ला टेनेसी राज्यातल्या स्मिथ काउंटीत त्यांचा जन्म झाला. आजोबा फिडल वाजवायचे, घरात सगळ्यांनाच संगीताचा नाद. तिसऱ्या वर्षी डिफर्डना पोलिओ झाला आणि वर्षभर अंथरुण धरावं लागलं. पडल्या पडल्या ते माउथ ऑर्गन वाजवायला शिकले. धडधडत जाणारी रेल्वे, शिकारी कुत्र्यांचं भुंकणं, जे कानावर पडेल ते त्यातून काढायचे. उंची मात्र पाच फुटांच्या आतच राहिली.

१९२६ मध्ये ते नॅशविलच्या डब्ल्यूएसएम रेडिओच्या ‘बार्न डान्स’ कार्यक्रमात वाजवू लागले.

१० डिसेंबर १९२७. त्या रात्री आधी शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम झाला. मग बेलींनी माउथ ऑर्गनवर पॅन अमेरिकन नावाची रेल्वे हुबेहूब धावती केली. ते थांबले आणि निवेदक जॉर्ज हे यांनी गंमत केली, की इतका वेळ ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ऐका ग्रँड ओल ऑप्री. ऑप्री म्हणजे ऑपेराचा गावरान उच्चार. हेच नाव कायमचं चिकटलं.

१९२८ मध्ये ५२ पैकी ४९ आठवडे बेली ऑप्रीवर होते. इतकं दुसरं कुणीच वाजवलं नाही. पुढं स्टार झालेले रॉय एकफ आणि बिल मन्रो नवखे असताना दौऱ्यांवर गर्दी खेचायला बेलींचं नाव लागायचं.

पण स्टेजवर टाळ्या घेणाऱ्या बेलींना हॉटेलात खोली मिळत नव्हती. वर्णभेदाचे कायदेच तसे होते. गोरे बँजोवादक अंकल डेव्ह मेकन त्यांना आपला नोकर असल्याचं सांगून आत न्यायचे.

१९४१ मध्ये ऑप्रीनं त्यांना काढून टाकलं. त्याचं झालं असं, की गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या ‘अ‍ॅस्कॅप’ संस्थेनं दर वाढवले आणि रेडिओवाल्यांनी तिच्या गाण्यांवर बहिष्कार टाकला. त्यात बेलींच्या गाजलेल्या धुनाही अडकल्या. ज्या ऐकायला लोक यायचे, त्याच वाजवायच्या नाहीत.

पण हे यांनी १९४५ च्या पुस्तकात वेगळंच लिहिलं. बेली नव्या धुना शिकत नव्हते, असं सांगत त्यांच्या वंशावर घसरून त्यांना आळशी ठरवलं. अनेक वर्षं लोकांनी हेच खरं मानलं.

हे ‘आळशी’ बेली मग नॅशविलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवत राहिले. जवळपास तीस वर्षं.

१९७४ मध्ये जुन्या कलाकारांच्या कार्यक्रमासाठी ऑप्रीनं त्यांना पुन्हा बोलावलं. २ जुलै १९८२ ला त्यांचं निधन झालं. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली ती २००५ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर २३ वर्षांनी.

आणि बेलींनंतर ऑप्रीला दुसरा कृष्णवर्णीय सदस्य कधी मिळाला? १९९३ मध्ये, चार्ली प्राइड यांच्या रूपानं. मधे तब्बल ५२ वर्षं गेली होती. कंट्री म्युझिक गोऱ्यांचंच, हा समज याच काळात पक्का झाला.