शिकवता शिकवता शिकलेली शिक्षिका



आफ्रिकेतील स्वातंत्र्यलढ्यांचा विषय निघाला की आपल्याला नेल्सन मंडेला आठवतात, एखाद्याला टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे आठवतात. पण या लढ्यांमध्ये बाजारात तांदूळ आणि कापड विकून घर चालवणाऱ्या हजारो स्त्रियाही होत्या. नायजेरियात अशा स्त्रियांना एकत्र आणणारी व्यक्ती एक शाळाशिक्षिका होती. तिचे नाव फुनमिलायो रॅन्सम-कुटी. आज तिची ओळख करून घेऊ या.

फुनमिलायो यांचा जन्म २५ ऑक्टोबर १९०० रोजी अबेओकुटा या गावी झाला. योरुबा भाषेत या नावाचा अर्थ आहे खडकाखालचे गाव. ओलुमो नावाच्या प्रचंड खडकाच्या आश्रयाने एग्बा लोकांनी ते १८३० च्या सुमारास वसवले. घराणे ख्रिस्ती, अँग्लिकन पंथाचे. वडिलांच्या पूर्वजांपैकी काही जण गुलामगिरीतून सुटून सिएरा लिओनमार्गे मायदेशी परतले होते. माणसाला विकत घेण्याच्या व्यापाराची झळ या घराने प्रत्यक्ष सोसली होती.

शाळेत तिचे नाव होते फ्रान्सिस. १९१४ साली अबेओकुटा ग्रामर स्कूलने मुलींना प्रवेश दिला, तेव्हा पहिल्या मुलींमध्ये ती होती. १९१९ मध्ये ती पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला गेली. तेथे काळ्या रंगाच्या माणसाला काय सोसावे लागते हे तिने अनुभवले. १९२२ मध्ये परतली ती फुनमिलायो होऊन. इंग्रजी नाव तिने मागे ठेवले आणि त्याच शाळेच्या मुलींच्या विभागात शिकवू लागली.

१९२५ मध्ये तिचा विवाह रेव्हरंड इझरायल रॅन्सम-कुटी यांच्याशी झाला. ते धर्मोपदेशक होते आणि मुख्याध्यापकही. नायजेरियातील शिक्षकांची देशव्यापी संघटना १९३१ साली स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष. पत्नीने सार्वजनिक कामात उतरावे याला त्यांचा मनापासून पाठिंबा होता. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत तीस वर्षे या दोघांचा संसार आणि शाळा एकत्रच चालली.

१९३२ मध्ये हे कुटुंब अबेओकुट्याला परत आले. तेथे फुनमिलायो यांनी सुशिक्षित ख्रिस्ती स्त्रियांचे एक मंडळ सुरू केले. तेथे शिवणकाम, हस्तकला, चारचौघांत वागण्याच्या रीती शिकवल्या जात. सभासद चांगल्या घरच्या, इंग्रजी शिकलेल्या. काम चांगलेच होते, त्यात वाईट काही नव्हते. पण गावातल्या बहुसंख्य स्त्रिया या मंडळाच्या उंबरठ्याबाहेरच राहिल्या.

१९४० नंतरच्या वर्षांत या स्थितीत बदल झाला. बाजारात बसणाऱ्या काही निरक्षर स्त्रियांना वाचायला शिकायचे होते. फुनमिलायो यांनी त्यांच्यासाठी साक्षरतेचे वर्ग घेतले. अक्षरे गिरवता गिरवता या स्त्रिया आपली दुःखे बोलू लागल्या आणि बाई ऐकू लागल्या. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. सरकारी माणसे बाजारात येत आणि तांदूळ जप्त करून नेत. मोबदला नाही, दाद नाही. शिकलेल्या बाईंना आपल्याच गावातली ही गोष्ट नीट ठाऊक नव्हती. त्या दिवसांत विद्यार्थिनी कोण आणि शिक्षिका कोण हे सांगणे कठीण आहे.

बाईंनी अर्जविनंत्या केल्या, वृत्तपत्रांपर्यंत विषय नेला आणि १९४५ मध्ये तांदळाची जप्ती थांबली. पुढच्याच वर्षी मंडळाचे नाव बदलून अबेओकुटा महिला संघ असे झाले आणि त्याची दारे बाजारातील स्त्रियांना उघडली. सभासदांची संख्या हजारोंनी वाढली. याच काळात बाईंनी पाश्चात्त्य पोशाख सोडला. त्या योरुबा स्त्रियांसारखे वस्त्र नेसू लागल्या आणि सभेत योरुबातच बोलू लागल्या. इंग्रज अधिकाऱ्यांना दुभाष्या लागे. गरीब स्त्रीला आपल्यात आणि बाईंत अंतर वाटू नये, हा त्यामागचा हेतू.

आता प्रश्न होता कराचा. अबेओकुट्यात १९१८ पासून स्त्रियांवर वेगळा कर होता. मुलगी पंधरा वर्षांची झाली की तिला कर लागू होई, मुलाला मात्र सोळाव्या वर्षी. इंग्रज सरकार स्थानिक राजामार्फत कारभार करीत असे. या राजाला अलाके म्हणत, आणि करवसुली त्याची माणसे करीत. मुलीचे वय झाले की नाही हे पाहण्यासाठी तिचे कपडे उतरवले जातात, अशाही तक्रारी होत्या. आणि हा कर भरणाऱ्या स्त्रियांचा एकही प्रतिनिधी कारभारात नव्हता.

संघाने आधी अर्ज दिले. मग हिशेबनीस नेमून कारभाराच्या जमाखर्चाची तपासणी करून घेतली. याचा उपयोग झाला नाही, तेव्हा १९४७ च्या अखेरीस दहा हजारांहून अधिक स्त्रिया अलाकेच्या वाड्यासमोर जमल्या. गाणी म्हणत त्या रात्रभर तेथेच बसल्या. मोर्चाला परवानगी मिळेना, तेव्हा बाईंनी त्याला सहल म्हटले, सण म्हटले. अश्रुधूर आला तर डोळे कसे झाकायचे, हेही त्यांनी स्त्रियांना आधी शिकवून ठेवले होते. वर्गात शिस्त लावणारी बाई हीच शिस्त रस्त्यावरही लावत होती. अखेर ३ जानेवारी १९४९ रोजी अलाकेने गादी सोडली. स्त्रियांवरचा कर रद्द झाला आणि कारभार पाहणाऱ्या हंगामी मंडळात चार स्त्रिया बसल्या. त्यांत फुनमिलायो होत्या. हा विजय पूर्ण होता असे नाही, कारण १९५० च्या अखेरीस अलाके परत आला. पण बाजारातील स्त्रीला आपले बळ कळले होते, ते कोणी परत घेऊ शकले नाही.

हा लढा देशाच्या लढ्याशी जोडला गेला. १९४७ मध्ये नायजेरियाचे शिष्टमंडळ नव्या राज्यघटनेविरुद्ध दाद मागण्यासाठी लंडनला गेले. त्यात फुनमिलायो या एकट्याच स्त्री होत्या. परकीय राजवटीत नायजेरियाच्या स्त्रीचे स्थान खालावले, असे त्यांनी तेथील वृत्तपत्रात लिहिले. १९४९ नंतर त्यांनी हे काम देशभर नेले आणि स्त्रियांना मताचा अधिकार मागितला. वाट सोपी नव्हती. साम्यवादी देशांना भेटी दिल्यामुळे सरकारने त्यांच्या पासपोर्टचे नूतनीकरण नाकारले. १९५९ च्या निवडणुकीत त्यांच्याच पक्षाने त्यांना उमेदवारी दिली नाही. १ ऑक्टोबर १९६० रोजी देश स्वतंत्र झाला, पण उत्तर नायजेरियातील स्त्रियांना मताचा अधिकार मिळायला १९७६ साल उजाडले.

त्यांचा शेवट दुःखद आहे. त्यांचा मुलगा फेला हा जगप्रसिद्ध गायक. आपल्या गाण्यांतून तो लष्करी राजवटीवर टीका करीत असे. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सैनिकांनी लागोसमधील त्याच्या घरावर हल्ला केला आणि शहात्तर वर्षांच्या या मातेला वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकले. त्या दुखण्यातून त्या उठल्या नाहीत. १३ एप्रिल १९७८ रोजी त्यांनी प्राण सोडला. परकीयांविरुद्ध लढलेल्या स्त्रीला मृत्यू आला तो स्वकीयांच्या हातून.

बंधुभगिनींनो, संत थॉमस अक्वायनस न्यायाचा अर्थ सांगताना म्हणतात, की ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय. दया आपण आपल्यातले देऊन करतो. न्यायात मात्र दुसऱ्याचे त्याला परत द्यायचे असते. फुनमिलायो यांनी दयेने सुरुवात केली आणि ऐकता ऐकता त्या न्यायापर्यंत पोहोचल्या. दया सोडली नाही, पण तेथे थांबल्याही नाहीत.

आपणही जूनमध्ये वह्या वाटतो, नाताळात गरजूंच्या घरी जातो. हे चालूच ठेवू या. पण वह्या घ्यायला आलेल्या आईशी दोन मिनिटे बसून बोलावे. तिला घरकामाची पुरती मजुरी मिळते का, रेशनवर धान्य पुरेसे मिळते का, सरकारी कचेरीत तिला किती खेटे घालावे लागतात, हे विचारावे. उत्तर ऐकल्यावर आपल्याला कदाचित वहीपेक्षा अधिक काही करावे लागेल. ते करण्याची तयारी असेल, तरच हा प्रश्न विचारावा.