दोन वह्यांचा दर्यावर्दी

आपण वऱ्हाडातली माणसं. समुद्र आपल्यापासून एक अख्खी रात्र लांब. संध्याकाळी अमरावतीहून गाडीत बसावं तेव्हा सकाळी मुंबईत तो दिसतो. माझं गाव अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारट, एवढाच काय तो आमचा समुद्राशी संबंध. बोटीत बसलो तोही एकदाच, फर्स्ट इयरच्या ट्रिपला, चिखलदऱ्याच्या शक्कर तलावात. पायडल मारून मारून पोटऱ्या दुखल्या आणि तेवढ्यात वेळ संपली म्हणून काठावरून शिट्टी वाजली.

असा माणूस दर्यावर्द्यावर लेख लिहायला बसला म्हणजे हसू येणारच. पण ज्याच्याबद्दल लिहितोय तोही काही समुद्रावर वाढलेला नव्हता. तो आपल्यातलाच होता. इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस, सर्किटं जोडणारा, आणि जन्मानं तर आपल्याच देशातला. त्याचं नाव डोनाल्ड क्रोहर्स्ट. सबमिशनच्या आदल्या रात्री रूम पार्टनरच्या लॅपटॉपवर त्याच्यावरची एक डॉक्युमेंटरी पाहिली. जर्नल उतरवता उतरवता पाहत होतो, पण अर्ध्यातच पेन खाली ठेवला. मग मिळेल ते वाचून काढलं.

क्रोहर्स्टचा जन्म १९३२ चा, गाझियाबादचा. वडील इथल्या रेल्वेत नोकरीला, आई शिक्षिका. १९४७ साली हे कुटुंब इंग्लंडला परतलं. वडिलांनी आयुष्यभराची पुंजी इथल्या एका खेळाच्या साहित्याच्या कारखान्यात घातली होती. फाळणीच्या दंगलीत तो कारखाना जळाला. वडील १९४८ मध्ये वारले. पोराला शाळा सोडावी लागली आणि फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन केंद्रात तो उमेदवारीला लागला. पुढे हवाई दलात अधिकारी झाला, तिथून बाहेर पडावं लागलं. मग सैन्यात गेला, तिथूनही तेच. डोकं तल्लख, पण अंगात उतावळेपणा फार.

लग्न झालं, चार मुलं झाली. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात ब्रिजवॉटर नावाच्या गावी त्यानं स्वतःची छोटी कंपनी काढली. तिचं मुख्य उत्पादन म्हणजे नॅव्हिकेटर. हातात धरायचं, रेडिओ लहरींवरून दिशा सांगणारं यंत्र. सुट्टीच्या दिवशी हौसेनं शिडाच्या होड्या फिरवणारे लोक तिकडे पुष्कळ. गिऱ्हाईक तेच. क्रोहर्स्ट स्वतःही त्यातलाच. एक छोटी शिडाची होडी होती, शनिवार-रविवार किनाऱ्या-किनाऱ्यानं फिरायचं, घरी यायचं. यंत्र चांगलं होतं, पण धंदा काही चालला नाही. स्टॅनली बेस्ट नावाच्या एका व्यावसायिकानं पैसा लावला होता, तोही आता परत मागायच्या बेतात होता.

याच सुमारास, १९६६-६७ मध्ये, फ्रान्सिस चिचेस्टर नावाच्या पासष्टीच्या गृहस्थानं एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत फक्त सिडनीला थांबला. इंग्लंड वेडं झालं. आता उरलं होतं एकच, कुठंही न थांबता जाणं. १९६८ च्या मार्चमध्ये संडे टाइम्सनं शर्यत जाहीर केली. एकट्यानं जायचं, बंदर घ्यायचं नाही, कुणाची मदत घ्यायची नाही. ३१ ऑक्टोबरच्या आत निघायचं. सगळ्यात आधी परतेल त्याला सोनेरी पृथ्वीगोलाची ट्रॉफी, सगळ्यात कमी दिवसांत येईल त्याला पाच हजार पौंड. नऊ जण उतरले. त्यातला एक आपला वीकेंडचा होडीवाला.

हिशेब त्याच्या दृष्टीनं सरळ होता. शर्यत जिंकली की यंत्राची जाहिरात, जाहिरात झाली की धंदा, धंदा झाला की कर्ज फिटलं. बेस्टनं बोटीला पैसा दिला, पण अट अशी पडली की क्रोहर्स्टनं माघार घेतली तर बोट त्यालाच विकत घ्यावी लागेल. घर आणि कंपनी दोन्ही पणाला लागली. इथं मला आमच्या गावातले सावकारी कागद आठवले. अंगठा देताना पीक येणारच असं प्रत्येकाला वाटत असतं.

बोट होती चाळीस फुटी ट्रायमरान, म्हणजे मधे एक मुख्य सांगाडा आणि दोन्ही बाजूंना एकेक तरंगता. वेगाला उत्तम. पण उलटी झाली तर स्वतःहून सरळ होत नाही. क्रोहर्स्टनं यावर खास इंजिनिअरचं उत्तर शोधलं. डोलकाठीच्या टोकाला हवेची पिशवी, बोट कलंडली की सेन्सरनं ओळखायचं आणि पिशवी आपोआप फुगायची. कागदावर झकास. प्रत्यक्षात बोटीभर वायरी फिरवलेल्या होत्या आणि ज्या डब्यात त्या जायच्या तो तयारच झाला नव्हता. आपल्या प्रोजेक्टचं होतं तसंच. ३१ ऑक्टोबर १९६८, मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी, टेनमथ गावच्या बंदरातून तो निघाला. घाईत बरेच सुटे भाग धक्क्यावरच राहिले.

पंधरा दिवसांत बोटीचं खरं रूप दिसलं. सुकाणूच्या यंत्रणेचे स्क्रू निसटत होते. बाजूच्या तरंगत्यात पाणी शिरत होतं. जनरेटर भिजला. त्यानं शांतपणे बसून वहीत सगळे दोष लिहून काढले, पुढं गेलो तर काय, परतलो तर काय, दोन्ही बाजू मांडल्या. त्याचं त्यालाच कळलं की दक्षिण महासागरात ही बोट टिकणार नाही. म्हणजे निदान अगदी बरोबर होतं. फक्त त्या पानाच्या खाली जो निर्णय यायला हवा होता तो आला नाही. मागं घर गहाण, पुढं मरण. दोघांच्या मधे त्यानं तिसरी वाट काढली.

डिसेंबरमध्ये त्यानं दुसरी वही उघडली. पहिलीत बोट खरोखर कुठं आहे ते. दुसरीत ती कुठं असायला हवी ते. १० डिसेंबरला रेडिओवरून कळवलं की एका दिवसात २४३ सागरी मैल कापले. विक्रमच तो. टेनमथला जल्लोष झाला. खरा क्रोहर्स्ट अटलांटिकमध्येच रेंगाळत होता. बाकीचे पृथ्वी फिरून येतील तोवर इथंच लपून बसायचं आणि शेवटी त्यांच्या मागं मिसळून घरी यायचं, असा बेत.

आता यातली तांत्रिक गंमत पाहा. अशा बोटींवर तेव्हा उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र नव्हतं. दुपारी सूर्य सर्वात वर आला की सेक्स्टंटनं त्याचा कोन मोजायचा, पंचांगासारख्या तक्त्यात त्या दिवसाचा आकडा बघायचा, आणि बेरीज-वजाबाकी करून आपण कोणत्या अक्षांशावर आहोत ते काढायचं. क्रोहर्स्टला हे उलटं करायचं होतं. आधी खोटी जागा ठरवायची, मग तिथून सूर्य किती अंशांवर दिसला असता ते काढायचं, मग आदल्या-नंतरच्या दिवसांशी वेग जुळतो का पाहायचं, आणि त्या भागातलं हवामान रेडिओवरच्या बातम्यांवरून टिपून घ्यायचं. खऱ्या गणितापेक्षा हे कितीतरी अवघड. ज्याला हे जमतं त्याला खरं काम नक्कीच जमलं असतं.

आपल्यापैकी ज्यांनी हायड्रॉलिक्सच्या लॅबमध्ये व्हेंच्युरीमीटरचा गुणांक ०.९८ धरून मागून मॅनोमीटरची रीडिंग काढली आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मी काढली आहेत. वायवाला एक्सटर्नलनी फक्त एवढंच विचारलं की डाव्या नळीत पारा किती वर गेला होता. तो मॅनोमीटर सेमिस्टरभर बंद होता हे त्यांना लॅबमधल्या काकांनी आधीच सांगितलं होतं.

पुन्हा समुद्रावर येऊ. जानेवारीत त्यानं रेडिओ बंद केला. मार्चमध्ये फुटलेला तरंगता दुरुस्त करायला गुपचूप अर्जेंटिनाच्या रिओ सालाडो इथं किनाऱ्याला लागला. नियमाप्रमाणे तिथंच तो बाद होता. एप्रिलमध्ये पुन्हा रेडिओ सुरू केला आणि आपण केप हॉर्नच्या दिशेनं येतोय असं भासवलं.

तोवर शर्यतीत काय झालं ते बघण्यासारखं आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची सुहेली ही अवघी ३२ फुटांची बोट आपल्या मुंबईत, सागवानी लाकडात बांधलेली. तिलाही गळती लागली होती. त्यानं भर समुद्रात पाण्याखाली उतरून सांधे बुजवले. त्याचाही रेडिओ बिघडला. पण वही एकच होती. २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी तो पहिला परतला. फ्रान्सचा बर्नार्ड मोईतेसिए जिंकण्याच्या बेतात असताना शर्यतच सोडून तसाच पुढं ताहितीला निघून गेला. त्याला बोटीवरचं आयुष्य हवं होतं, बक्षीस नको होतं. चे ब्लाइथ तर शिडाच्या बोटीचं काही येत नसताना निघाला होता. दक्षिण आफ्रिकेपर्यंत पोचून त्यानं बोट आता चालत नाही हे मान्य केलं आणि थांबला. त्याच ब्लाइथनं पुढं १९७०-७१ मध्ये वाऱ्याविरुद्ध, पश्चिमेकडून, न थांबता एकट्यानं प्रदक्षिणा केली. तशी करणारा तो पहिला. माघार घेतलेल्या माणसाचा हा बायोडाटा आहे.

आणि नायजेल टेटली. तोही ट्रायमरानवर, प्रदक्षिणा जवळजवळ पुरी झालेली, बोट खिळखिळी. सावकाश आला असता तरी पाच हजार पौंड त्याचेच होते. पण क्रोहर्स्ट मागून वेगानं येतोय अशी खबर असल्यामुळं त्यानं बोट ताणली. २१ मेला ती बुडाली, घरापासून सुमारे ११०० सागरी मैलांवर. टेटली वाचला. जो माणूस पृथ्वीला फिरलाच नव्हता त्याच्याशी स्पर्धा करताना त्याची खरी बोट गेली.

आता क्रोहर्स्टला मागं मिसळता येणार नव्हतं. तोच विजेता ठरणार होता. विजेत्याच्या वह्या तज्ज्ञ तपासणार. टेनमथमध्ये स्वागताची तयारी सुरू झाली होती. या तारा येत होत्या तसतसा तो हळू होत गेला. रेडिओ बिघडला, तो उघडून दिवसेंदिवस दुरुस्त करत बसला. २४ जूनपासून त्यानं लिहायला सुरुवात केली, काळ, देव, गणित असं काहीबाही, जवळपास पंचवीस हजार शब्द. आठ महिने कुणाशी खरं बोलला नव्हता तो. शेवटची नोंद १ जुलैची आहे. १० जुलैला एका टपालवाहू जहाजाला बोट तरंगताना सापडली, आत कुणी नव्हतं. त्यानं स्वतःच समुद्रात आयुष्य संपवलं असावं असाच निष्कर्ष निघाला. वय ३६.

पण त्यानं खरी वही फेकली नव्हती. ती बोटीवरच होती. मला वाटतं, निदान शेवटी त्याला खरं सांगायचं होतं. नॉक्स-जॉन्स्टननं आपल्याला मिळालेले पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या बायकोला आणि मुलांना देऊन टाकले. याचा अर्थ असा की समोर येऊन खरं सांगितलं असतं तरी समजून घेणारी माणसं होती. त्याला ती समुद्रातून दिसली नाहीत.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला ते. माझ्याही दोन वह्या होत्या. थर्ड सेमिस्टरला माझा एम-थ्री गेला. घरी फोनवर ऑल क्लिअर सांगितलं. पुढच्या सेमिस्टरला पुन्हा गेला आणि सोबत आणखी एक. मग मला प्रत्येक फोनच्या आधी उजळणी करावी लागे, मागच्या वेळी किती टक्के सांगितले होते त्याची. बाबांनी त्या वर्षी फीसाठी सोसायटीचं कर्ज काढलं होतं. कपाशीवर बोंडअळी. अशात खरं कसं सांगायचं? रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर बसून मीही काहीबाही विचार करायचो. जास्त सांगत नाही.

डॉक्युमेंटरी पाहिली त्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळची एसटी धरली आणि गावी गेलो. दोन्ही मार्कलिस्टा खाटेवर ठेवल्या. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की एक वर्ष कपाशी गेली म्हणून कोणी वावर पेरायचं सोडते काय. पेपर कधी आहे ते विचारलं. आईनं जेवायला वाढलं. रागावले नाहीत असं नाही, संध्याकाळी चांगलं ऐकून घ्यावं लागलं. पण त्या रात्री मी वर्षभरानं पहिल्यांदा गाढ झोपलो. एम-थ्री मागच्या उन्हाळ्यात निघाला, काठावर.

आपल्याकडे आता समुद्रप्रदक्षिणेची चांगली परंपरा आहे. २००९-१० मध्ये आपल्याच मराठी माणसानं, नौदलाच्या दिलीप दोंदे यांनी, गोव्यात बांधलेल्या म्हादेई बोटीतून एकट्यानं प्रदक्षिणा पूर्ण केली. असं करणारे ते पहिले भारतीय. वाटेत चार बंदरांत थांबले. थांबायचं ठरवूनच निघाले होते. मला त्यातलं थांबणं जास्त आवडतं.

मित्रांनो, हॉस्टेलमध्ये असा कुणीतरी असतोच, फोनवर हसून बोलणारा आणि मग दार लावून बसणारा. त्याच्या दारावर थाप मारा, मेसला सोबत घेऊन जा. आणि तो तुम्हीच असाल, तर पार्टनरला सांगा, रेक्टर सरांना सांगा, घरी सांगा, पण पंधराव्या दिवशीच सांगा. आठ महिने थांबू नका. सरांनाही एक विनंती. कोरं किंवा चुकीचं रीडिंग घेऊन कुणी आलं, तर त्याला हाकलू नका. तो खरं आकडे घेऊन आलाय.