कर्नल सी. के. नायडू आणि त्यांच्या हाताखालची दोन पोरं



'माझा आवडता खेळाडू' हा निबंध वर्गात दिला की वह्यांमध्ये सचिन, धोनी, विराट, रोहित एवढीच नावं येतात. त्यात गैर काही नाही, मुलं जे बघतात तेच लिहिणार. पण आपण नागपूरचे. भारताच्या पहिल्या कसोटी संघाचा कप्तान आपल्याच गावात जन्मला, इथल्याच शाळेत शिकला, हे निदान आपल्या मुलांना ठाऊक असायला हवं. म्हणून आजचा लेख कर्नल सी. के. नायडू यांच्यावर. त्यांचे षटकार तर सांगणारच आहे, पण आपण शिक्षक-पालक असल्यामुळे जास्त लिहिणार आहे ते त्यांच्या हाताखालून गेलेल्या दोन मुलांबद्दल. दोघं एकाच वयाचे. दोघांनी एकाच दिवशी, एकाच मैदानावर, सी. के. कप्तान असताना कसोटीत पदार्पण केलं. आणि दोघांचं पुढे अगदी वेगवेगळं झालं.

आधी थोडं सी. के. यांच्याविषयी. पूर्ण नाव कोट्टारी कनकय्या नायडू. जन्म ३१ ऑक्टोबर १८९५, नागपूर. घर तेलुगू भाषिक, पण नागपुरात स्थिरावलेलं आणि वजनदार. आजोबा वकील आणि जमीनदार, वडील इंग्लंडात कायदा शिकून आलेले. तेव्हा गरिबीतून वर आलेल्या खेळाडूची कहाणी इथे शोधू नका. शिक्षण हिस्लॉप कॉलेजिएट हायस्कूलमध्ये झालं. शाळेच्या संघाचे ते कप्तान होते. उंच, सरळ बांधा आणि करडी नजर. जुने फोटो बघा, हसताना फारसे दिसणार नाहीत.

१९१६ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून त्यांना संधी मिळाली. समोर युरोपियन संघ होता. हे खेळायला आले तेव्हा ७९ धावांत ७ गडी बाद झालेले. पहिले तीन चेंडू त्यांनी मुकाट्याने अडवले आणि चौथा उचलून षटकार मारला. हे वर्गात सांगितलं की पोट्टे खूश होतात. मला मात्र त्या षटकाराआधीचे तीन चेंडू जास्त आवडतात.

१९२३ मध्ये इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांना बोलावून घेतलं आणि आपल्या फौजेत हुद्दा दिला. आज आपण ज्याला व्यावसायिक खेळाडू म्हणतो तसा प्रकार त्या काळी संस्थानांत असा चालायचा. नोकरी फौजेतली, काम क्रिकेटचं. तिथून पुढे सी. के. कायमचे इंदूरचे झाले. नागपूरकरांनी वाईट वाटून घेऊ नये, आपल्याकडे तेव्हा देण्यासारखं फार काही नव्हतं.

१ डिसेंबर १९२६ ला मुंबईत जे झालं त्यामुळे सगळा देश त्यांना ओळखू लागला. आर्थर गिलिगन यांच्या कप्तानीखाली इंग्लंडचा एमसीसी संघ आला होता. हिंदू संघाकडून खेळताना सी. के. यांनी ११६ मिनिटांत १५३ धावा काढल्या, १३ चौकार आणि ११ षटकार. एक चेंडू तर जिमखान्याच्या छपरावर जाऊन पडला. पाहुण्यांनी त्यांना चांदीची बॅट भेट दिली. हिंदुस्थानी संघ कसोटी खेळण्याच्या लायकीचा आहे, हे पाहुण्यांना पटायला ही खेळी कारणी लागली असं मानतात. तरी कसोटी यायला १९३२ साल उजाडलं. २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली तेव्हा सी. के. ३६ वर्षांचे होते. आज या वयात खेळाडू निवृत्त होऊन समालोचनाला बसतात. क्षेत्ररक्षण करताना हाताला दुखापत झाली होती, तरी पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच होत्या. त्या दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी १६१८ धावा केल्या आणि ६५ बळी घेतले. पुढच्या वर्षी विस्डेनने त्यांना वर्षातल्या पाच उत्तम खेळाडूंमध्ये घेतलं.

आता त्या दोन मुलांकडे येऊ.

पहिला मुश्ताक अली. जन्म १७ डिसेंबर १९१४, इंदूरचाच. तेरा-चौदा वर्षांचा असताना तो सी. के. यांच्या नजरेस पडला आणि त्यांनी त्याला घडवायला घेतलं. दुसरा सी. एस. नायडू, म्हणजे सी. के. यांचा सख्खा धाकटा भाऊ. जन्म १८ एप्रिल १९१४, नागपूर. भावाभावांत जवळजवळ १९ वर्षांचं अंतर, त्यामुळे हा मोठा भाऊ कमी आणि वडीलधारा जास्त असणार.

५ जानेवारी १९३४ ला कलकत्त्यात डग्लस जार्डीनच्या इंग्लंडविरुद्ध दुसरी कसोटी सुरू झाली. मुश्ताक आणि सी. एस. दोघेही संघात होते आणि दोघांचंही वय १९. मुश्ताक डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून आलेला, सी. एस. लेगस्पिन आणि गुगली टाकणारा. त्या दिवशी मैदानात कुणाला विचारलं असतं की या दोघांपैकी मोठा गोलंदाज कोण होणार, तर उत्तर सोपं होतं. चेंडू दोन्हीकडे वळवणारा आणि कप्तानाचा भाऊ असलेला सी. एस. मुश्ताककडे तर कुणी फलंदाज म्हणून बघतच नव्हतं.

अडीच वर्षांनी, जुलै १९३६ मध्ये, हाच मुश्ताक मँचेस्टरला इंग्लंडविरुद्ध विजय मर्चंट यांच्यासोबत सलामीला उतरला. दोघांनी २०३ धावांची भागी केली. मुश्ताकच्या ११२. परदेशात कसोटी शतक काढणारा तो पहिला भारतीय. गोलंदाज म्हणून आलेल्या मुलाने बॅट हातात घेऊन हे केलं!

त्याची फलंदाजी पुस्तकात बसणारी नव्हती. वेगवान गोलंदाज धावत येतोय आणि हा क्रीज सोडून त्याच्याकडे चालत निघालाय, हे बघायला लोक गर्दी करत. १९४५ मध्ये कलकत्त्याला ऑस्ट्रेलियाच्या फौजी संघाविरुद्धच्या सामन्यातून त्याला वगळलं, तर प्रेक्षकांनी इतका गोंधळ घातला की निवड समितीला त्याला परत घ्यावं लागलं. आता माझं मत सांगते. असा मुलगा काटेकोर शिस्तीच्या गुरूकडे गेला की दोनच गोष्टी होतात, एकतर तो सरळ होतो नाहीतर पळून जातो. सी. के. शिस्तीला किती कडक होते हे सर्वश्रुत आहे. तंदुरुस्ती, वेळ, पोशाख यांत सूट नाही, आणि त्यापायी त्यांना नावं ठेवणारे खेळाडूही होते. तरीही मुश्ताकचं ते पुढे चालत जाणं मोडून काढलेलं दिसत नाही. शिस्त वागण्याला लावली, हाताला नाही. स्वतः सी. के. चेंडू उचलून मारणारे होते, त्यामुळे दुसऱ्याचा वेडेपणा त्यांना ओळखीचा वाटला असेल. आपल्या वर्गात अक्षर वेडंवाकडं पण गणित तिसऱ्याच रीतीने बरोबर सोडवणारं एखादं पोर असतंच. त्याला आपण काय करतो, हा प्रश्न मला इथे हमखास आठवतो.

आता सी. एस. कडे वळू. याची गोष्ट कुठल्या पाठ्यपुस्तकात येणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

देशातल्या मैदानांवर हा गोलंदाज भयंकर होता. १९४२-४३ च्या मोसमात बडोद्याकडून खेळताना त्याने रणजीत ४० बळी घेतले, त्याआधी एका मोसमात एवढे बळी कुणालाच मिळाले नव्हते. प्रथम श्रेणीच्या एकूण कारकिर्दीत ६४७ बळी. आणि कसोटीत? ११ सामने आणि बळी फक्त २. एकेका बळीसाठी सरासरी १७९.५० धावा मोजल्या. १९३६ चा इंग्लंड दौरा केला, १९४६ चा केला, ऑस्ट्रेलियालाही जाऊन आला. दर वेळी निवड समितीला वाटायचं की या खेपेला जमेल. जमलं नाही.

मुश्ताकही ११ च कसोटी खेळला. धावा ६१२, शतकं २. दोघांच्या कसोटी कारकिर्दी १९३४ ला सुरू झाल्या आणि १९५१-५२ च्या मोसमात संपल्या. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, त्या संघात मुश्ताक सलामीला होता.

आपण आता सहज म्हणू, एक यशस्वी, एक अयशस्वी. पण थांबा. सी. एस. १९४४-४५ मध्ये बडोदा सोडून होळकर संघात मोठ्या भावाच्या हाताखाली आला. त्या वर्षीचा रणजी अंतिम सामना मुंबईत झाला, होळकर विरुद्ध मुंबई. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या. होळकरसमोर जिंकायला ८६७! मुश्ताकने दोन्ही डावांत शतक काढलं. युद्धामुळे महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरकडून खेळला आणि नाबाद २४९ वर उभा राहिला. होळकर ४९२ वर आटोपले, ३७४ धावांनी हरले. आणि या सामन्यात सी. एस. नायडूने किती चेंडू टाकले? ९१७. म्हणजे १५२ षटकं आणि ५ चेंडू. जगात प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात एवढे चेंडू दुसऱ्या कुणीही टाकलेले नाहीत. ४२८ धावा दिल्या, ११ बळी घेतले.

कप्तान सी. के. होते. चेंडू त्यांनीच पुन्हा पुन्हा भावाच्या हातात दिला. हा विश्वास होता की छळ, यावर आमच्या शिक्षक खोलीत मधल्या सुट्टीत चांगलाच वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं पडलं की आजचा कुठलाही प्रशिक्षक असं करणार नाही, खांदा जाईल. खरंच आहे ते. मी आजही लहान मुलांना असं राबवण्याच्या विरोधात आहे, आणि उन्हाळी शिबिरांत दहा-अकरा वर्षांच्या मुलांना दोन-दोन तास एकच गोष्ट करायला लावणारे बघितले की राग येतो. पण सी. एस. तेव्हा ३० वर्षांचा होता, पोर नव्हता. आणि कसोटीत ज्याच्या हाती चेंडू द्यायला पुढे कप्तान कचरू लागले असतील, त्याला इथे एक माणूस दिवसभर चेंडू देत होता. त्या ११ बळींकडे मी असं बघते. तुम्हाला वेगळं वाटू शकतं.

होळकर संघाची पुढची वर्षं म्हणजे तरुण खेळाडू घडवण्याची शाळाच म्हणायची. त्यात आपली मराठी नावं बघा: चंदू सरवटे, माधवसिंह जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर, नागपुरात जन्मलेले हिरालाल गायकवाड. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध होळकरने ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला आणि त्या एका डावात सहा जणांची शतकं झाली. भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर, प्रताप सिंह आणि सहावे स्वतः सी. के., वय ५०. त्याच मोसमाच्या अंतिम सामन्यात त्यांनी बडोद्याविरुद्ध २०० धावा काढल्या आणि होळकरने पहिल्यांदा रणजी जिंकली. पुढे १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३ अशी आणखी तीनदा. सहा वेळा उपविजेतेपद. १४ मोसमांत १० अंतिम सामने! एका छोट्या संस्थानाचा हा हिशोब आहे.

१९५१-५२ चा अंतिम सामना पुन्हा मुंबईशी होता. दत्तू फडकर यांचा उसळता चेंडू सी. के. यांच्या तोंडावर बसला आणि दोन दात पडले. त्यांनी खेळपट्टीवरचे दात बॅटने बाजूला सारले आणि पुन्हा पवित्रा घेतला. फडकरांनी वेग कमी करू नये, असंही बजावलं. त्या डावात ६६ केल्या. वय तेव्हा ५६. समोरच्या टोकाला आणि तंबूत बसलेल्या तरुणांनी हे बघितलं, त्यानंतर त्यांना वेगळं भाषण द्यायची गरज पडली नसणार. (वर्गात सांगताना मी लगेच हेल्मेटचंही सांगते. नाहीतर एखादं पोर खरंच दात पाडून घरी जायचं.)

१९५६-५७ मध्ये, साठी उलटल्यावर, ते उत्तर प्रदेशाचे कप्तान म्हणून रणजी खेळले. राजस्थानविरुद्ध ८४ धावा काढल्या, विनू मंकड यांना षटकार मारले. शेवटच्या रणजी डावात ५२ वर धावचीत झाले. पद्मभूषण मिळालेले ते पहिले क्रिकेटपटू. त्यांची लेक चंद्रा नायडू इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या आणि भारतातल्या पहिल्या महिला क्रिकेट समालोचक मानल्या जातात. घरात मुलींनाही खेळ कळत होता, हे मुद्दाम लिहिलं.

१४ नोव्हेंबर १९६७ ला सी. के. इंदूरला गेले. प्रथम श्रेणीत ११,८२५ धावा आणि ४११ बळी. कसोट्या फक्त ७. मुश्ताक अली आणि सी. एस. दोघांनाही दीर्घायुष्य लाभलं. सी. एस. २००२ मध्ये गेले, मुश्ताक २००५ मध्ये. आज वीस-बावीस वर्षांची मुलं, म्हणजे रणजीच्या उंबरठ्यावर अडकलेली, कुणी आत घेतंय का याची वाट बघणारी, जी २३ वर्षांखालील स्पर्धा खेळतात तिचं नाव कर्नल सी. के. नायडू ट्रॉफी आहे. आणि आपला विदर्भ पहिल्यांदा रणजी जिंकला तो १ जानेवारी २०१८ ला, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर.

नागपूरशी त्यांचं नातं मात्र शेवटपर्यंत तुटलं नाही. त्यांचा अखेरचा प्रथम श्रेणी सामना १९६३-६४ च्या मोसमात झाला, महाराष्ट्राच्या राज्यपालांचा संघ विरुद्ध मुख्यमंत्र्यांचा संघ. पहिला सामना खेळून ४७ वर्षं झाली होती, वय ६८. मैदान नागपूरचं होतं.