मौलाना हाली : कविता वाचायला शिकविणारा उस्ताद

मौलाना अल्ताफ हुसेन हाली यांचे नाव आपल्या समाजात १८७९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मुसद्दस’मुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु प्रस्तुत लेखात त्यांच्या दुसऱ्या एका कार्याची ओळख करून द्यावयाची आहे. कविता वाचावी कशी आणि तिच्यातील उपमा, अतिशयोक्ती, प्रसंग व पात्रे पारखावीत कशी, हे उर्दू वाचकाला पद्धतशीरपणे सांगणारे पहिले मोठे टीकाकार हालीच होत. आमच्या वर्गात मुले अलंकाराचे नाव अचूक लिहितात. पण तो कवीने तेथे का योजला असे विचारले की माना खाली जातात. म्हणून मला या थोर पुरुषाची आठवण वारंवार होते.

हालींचा जन्म १८३७ साली पानिपत येथे झाला. नऊ वर्षांचे असताना वडील वारले आणि थोरल्या भावाने त्यांचा सांभाळ केला. लहानपणीच ते हाफिज झाले. सतराव्या वर्षी घरच्यांनी त्यांचे लग्न लावून दिले. पण तालीम अपुरी राहिल्याची खंत इतकी होती की, पत्नी माहेरी गेली असताना ते कोणालाही न सांगता पायी दिल्लीस निघून गेले. तेथे त्यांचे मिर्झा गालिब यांच्याकडे जाणे-येणे सुरू झाले. गालिबच्या काव्यातील न समजलेले शेर घेऊन हा तरुण सरळ कवीकडेच जाई आणि अर्थ विचारी. विद्यार्थी मित्रांनो, न समजलेले विचारण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, हे ध्यानात ठेवा.

पुढे लाहोरच्या सरकारी बुक डेपोत इंग्रजीवरून झालेल्या भाषांतरांची उर्दू दुरुस्त करण्याचे काम त्यांना मिळाले. इंग्रजी फारसे येत नसतानाही परक्या साहित्यातील विचार त्यांना या कामातून कळले. १८७४ साली तेथे नव्या तऱ्हेचे मुशायरे भरू लागले. एरवी मुशायऱ्यात एक ओळ दिली जाई आणि तिच्या वजनावर सर्वांनी गझल रचावयाची. येथे ओळीऐवजी विषय दिला गेला. हालींनी पावसाळा, आशा, देशप्रेम अशा विषयांवर नज्मा लिहिल्या. त्यानंतर ते दिल्लीच्या अँग्लो-अरेबिक स्कूलमध्ये शिक्षक झाले.

१८९३ साली त्यांनी आपल्या काव्यसंग्रहाला जी प्रस्तावना जोडली, ती ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’ म्हणून ओळखली जाते. कवीजवळ कल्पनाशक्ती हवी, सृष्टीचे निरीक्षण हवे आणि नेमक्या शब्दाचा शोध हवा. काव्यात साधेपणा, वास्तवता आणि आवेश हवा, असे त्यांनी मांडले. मग गझल, कसीदा, मसनवी हे एकेक काव्यप्रकार त्यांनी तपासले. कसीद्यातील स्तुती इतकी फुगविलेली असते की मूळ माणूस ओळखूच येत नाही, ही त्यांची तक्रार होती. अलंकार वस्तू दाखविण्यासाठी असतो, झाकण्यासाठी नव्हे, असा याचा अर्थ मी मुलांना सांगतो.

सलग कथा सांगता येते म्हणून मसनवी हा प्रकार त्यांना सर्वांत उपयुक्त वाटे. पण कथेतील एक वर्णन दुसऱ्याला खोटे पाडणारे नसावे आणि पात्रांची वागणूक त्यांच्या स्थितीला शोभणारी असावी, अशी त्यांची अट होती. मीर हसन यांच्या मसनवीची त्यांनी वाखाणणी केली आहे. तरीही एका ठिकाणी हिरवे भात आणि फुललेली मोहरी एकाच वेळी दिसते, ही चूक त्यांनी दाखवून दिली. भात खरिपाचे, मोहरी रब्बीची! आपल्या शेतकऱ्याच्या मुलाला हे चटकन समजते. वर्गात हा दाखला दिला की मागच्या बाकावरचा मुलगाही हात वर करतो. पुस्तकात छापले आहे ते आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या जगाशी ताडून पाहावे, हे त्याला त्याच क्षणी कळते.

या प्रस्तावनेवर मोठे वादळ उठले. विशेषतः लखनौकडील मंडळी चिडली. वर्तमानपत्रांतून थट्टा झाली. हालींची अडचण आणखी खोल होती. ज्या गझलेच्या ठराविक साच्यांवर ते प्रहार करीत होते, ती गझल त्यांनी स्वतः लिहिली होती आणि त्यांच्या उस्तादाची कीर्तीही तिच्यावरच उभी होती. गझल टाकून द्यावी असे मात्र ते म्हणाले नाहीत; तिचे विषय वाढवा, एवढेच त्यांचे मागणे होते. मला स्वतःला त्यांचे सर्वच म्हणणे पटत नाही. कवितेच्या उपयोगावर त्यांनी इतका भर दिला की तिच्या निव्वळ आनंदाला जागा थोडी उरली.

१८९७ साली त्यांनी ‘यादगार-ए-गालिब’ हे चरित्र लिहिले. त्यात गालिबचा विनोदी, हजरजबाबी स्वभाव लहान लहान प्रसंगांतून उभा केला आहे आणि कठीण शेरांचे अर्थही उलगडून दाखविले आहेत. तरुणपणी दिल्लीत जे विचारून घेतले, ते म्हातारपणी सर्वांसाठी लिहून ठेवले. सर सय्यद यांचे त्यांनी लिहिलेले चरित्र १९०१ मध्ये आले. ते केवळ स्तुतिपर आहे अशी टीका मौलाना शिबली यांनी केली. कसीद्यातील स्तुतीला नावे ठेवणाऱ्या लेखकाला ती टीका किती लागली असेल!

१९१४ साली पानिपत येथेच त्यांचे निधन झाले. बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे.