दोन मैल लांबीचे चित्र

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. परंतु चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते मुद्रणाच्या धंद्यात मुरलेले होते, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी त्यांचा जन्म झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते चित्रकला व छायाचित्रण शिकले. पुढे राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी त्यांनी शिळामुद्रणाचे काम केले, स्वतःचा छापखानाही काढला आणि रंगीत छपाईची माहिती घेण्यासाठी १९०९ साली जर्मनी गाठली. छापलेल्या कागदावर माणसाची नजर कोठे खिळते, हे त्यांना पुरते उमगले होते.

आयुष्याचा विमा गहाण टाकून आणि पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने मोडीत घालून त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट तयार केला. ३ मे १९१३ रोजी तो गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लागला. वृत्तपत्रातील जाहिरातीत दोन गोष्टी ठळकपणे मांडल्या होत्या : हा देशातच बनलेला पहिला चित्रपट आहे आणि त्यासाठी अतोनात खर्च झाला आहे. तिकिटाचा दर नेहमीच्या दुप्पट असल्याचेही त्यात उघड छापले होते. महाग दर लपविण्याऐवजी मिरविला, की वस्तूचे मोल वाढते, हा व्यापारातील जुना अनुभव आहे. स्वदेशीच्या त्या काळात मुंबईकरांनी गर्दी केली.

सुरतेत मात्र निराळाच प्रकार घडला. पहिल्या खेळाचे उत्पन्न अवघे तीन रुपये झाले! दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहणाऱ्या लोकांना तीन आण्यांत तासा-दीड तासाचा खेळ परवडेना. चित्रगृहाचा चालक म्हणू लागला, की खेळ लांबवा किंवा दर उतरवा. फाळक्यांनी दोन्ही गोष्टी नाकारल्या. त्यांनी केवळ नवी जाहिरात काढली. तीत कथेची वाखाणणी नव्हती. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा हा खेळ आहे, हे चित्र दोन मैल लांब आहे आणि एवढे सारे फक्त तीन आण्यांत मिळते, इतकेच तीत सांगितले होते. जे लोक तासांच्या मापाने खेळाची किंमत करीत होते, त्यांच्या हाती फाळक्यांनी दुसरेच माप दिले. पाहता पाहता उत्पन्न तीनशे रुपयांवर गेले.

हे आकडे तपासून पाहण्यासारखे आहेत. चित्रफितीच्या एका फुटात सोळा लहान चित्रे मावतात आणि या चित्रपटाची फीत सुमारे ३७०० फूट होती. गुणाकार केला तर चित्रे ५९,२०० भरतात; तेव्हा सत्तावन्न हजार हा आकडा बराचसा खरा, किंबहुना थोडा कमीच होता. लांबीचे तसे नव्हते. एका मैलात ५२८० फूट असतात. म्हणजे ही फीत पाऊण मैलाच्याही आतच होती! खऱ्या आकड्याच्या शेजारी बसविल्यामुळे हा फुगविलेला आकडाही खपून गेला. सुरतेतील कोणी प्रेक्षक फूटपट्टी घेऊन आला नाही.

पुढे १९१७ साली त्यांचा 'लंकादहन' हा चित्रपट आला. मद्रासेस त्याच्या उत्पन्नाची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे फाळक्यांचे निधन झाले.