माझगावचा यंत्रवेडा

२० मार्च १८३० रोजी 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला निघाली. बोट मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हातची. इंजिने मात्र विलायतेची. एडनपर्यंत पुरावा म्हणून तिच्यावर जागेच्या दुपटीने कोळसा लादावा लागला होता. वाफेच्या यंत्राची भूक ही अशी होती.

याच वाडिया घराण्यात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी अर्देशीर करसेटजी यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी ते गोदीत उमेदवारीला लागले. घराण्याची कीर्ती सागवानी जहाजांची. अर्देशीरांचे चित्त मात्र शिडापेक्षा बाष्पकात अधिक गुंतले. त्यांनी एक अश्वशक्तीचे इंजिन स्वतः घडविले. १८३३ साली साठ टनांची 'इंडस' ही बोट त्यांनी पाण्यात लोटली आणि तिच्यावर वाफेचे इंजिन बसविले. युरोपीय कारागिराचे साहाय्य नव्हते. पुढल्या वर्षी माझगावच्या आपल्या बंगल्यात व बागेत त्यांनी गॅसचे दिवे उजळले, तेव्हा गव्हर्नर लॉर्ड क्लेअर ते पाहावयास आले. मुंबईच्या रस्त्यांवर असे दिवे येण्यास आणखी तीसएक वर्षे लागली!

गंमत अशी, की वाफ नेमके काम कसे करते हे तेव्हा कोणासच नीटसे उमगले नव्हते. फ्रान्समधील सादी कार्नो या तरुण अभियंत्याने १८२४ साली एका छोट्या पुस्तकात मर्म सांगितले होते : उष्णता उष्ण भागाकडून थंड भागाकडे जाताना काम घडते, आणि त्या कामाची कमाल मर्यादा या दोन तापमानांवर ठरते. पुस्तकाकडे फारसे कोणी पाहिले नाही. १८३२ साली अवघ्या छत्तिसाव्या वर्षी कार्नो पटकीने गेला. शास्त्र मागे आणि कारागीर पुढे, असा तो काळ होता. अर्देशीर त्या कारागिरांपैकी एक.

१८३९ साली ते इजिप्तमार्गे इंग्लंडला गेले. तेथील यंत्रशाळा त्यांनी बारकाईने पाहिल्या. या प्रवासाची त्यांची रोजनिशी १८४० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. १ एप्रिल १८४१ रोजी कंपनीच्या मुंबईतील वाफयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. गोऱ्या कारागिरांवर हिंदी अधिकारी! इंग्रजी वृत्तपत्रातून नापसंती उमटली. परंतु कारखाना सोळा वर्षे त्यांच्याच हाताखाली चालला. २७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. दुसरे रामानुजन, तेही १९१८ साली. सत्त्याहत्तर वर्षांचे हे अंतर ध्यानात घेतले, तर अर्देशीरांचे नाव आज इतके अपरिचित का, याचे नवल वाटते.

१८५०-५१ मध्ये क्लॉसियस आणि विल्यम टॉमसन यांनी कार्नोच्या विचारास ज्यूलच्या प्रयोगांची जोड देऊन ऊष्मागतिकीचे दोन नियम मांडले. त्याच सुमारास, फेब्रुवारी १८५१ मध्ये, अर्देशीरांची 'लवजी फॅमिली' ही आगबोट मुंबईच्या पाण्यात उतरली. तिचे भाग त्यांच्या घरच्या ओतशाळेत तयार झाले होते.

१८५७ मध्ये ते निवृत्त झाले. तरी १८६१ साली सिंधू नदीवरील आगबोटींची देखरेख करण्यासाठी कोटरीस गेले. अखेरची वर्षे त्यांनी इंग्लंडमधील रिचमंड येथे काढली. तेथेच १६ नोव्हेंबर १८७७ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ साली भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.